मोटरहोमच्या मागे ओढायची गाडी कशी निवडावी

माँटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन नावाचा रस्ता आहे. डोंगराच्या कुशीतून खोदून काढलेला, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. या रस्त्यावर ॲव्हलांच आणि रायझिंग सन या दोन ठिकाणांच्या मधल्या टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब किंवा 8 फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदी आहे. आमचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं राहतं घर, 31 फुटांचं. डेन्व्हरहून एवढ्या लांब जाऊन, आई-बाबांना भारतातून खास बोलावून, आम्ही चार दिवस कॅम्पग्राउंडच्या आसपासच फिरलो. दूध आणायचं तरी पाण्याचा पाइप, विजेची केबल, सांडपाण्याची नळी सगळं काढून अख्खं घर बाजारात न्यावं लागायचं. मोटरहोमच्या मागे एक छोटी गाडी हवीच, हे त्या सहलीत पटलं.

पुढचे आठ महिने मी याच विषयात बुडालो होतो. अमेरिका-कॅनडात आरव्हीवाले, म्हणजे मोटरहोमसारखी फिरती घरं असलेले, मराठी लोक आता बरेच भेटतात आणि प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "कुठली गाडी घेऊ?" त्याचं उत्तर गाडीच्या नावाने सुरू होत नाही. आधी मोटरहोमचं वजन, मग ओढण्याची पद्धत, मग गाडीच्या मॅन्युअलमधलं एक पान, आणि शेवटी गाडी. हा क्रम उलटा केला की पैसे जातात, कधी गिअरबॉक्सही जातो.

आधी स्वतःचं मोटरहोम तोलून घ्या

चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर आणि मोटरहोमच्या कागदपत्रांत दोन आकडे मिळतात. एक म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर: सामान, पाणी, माणसं धरून मोटरहोमचं जास्तीत जास्त किती वजन चालेल. दुसरा जीसीडब्ल्यूआर: मोटरहोम आणि मागची गाडी मिळून जास्तीत जास्त किती. तिसरा आकडा मागच्या हिचवर, म्हणजे ओढायची गाडी जोडायच्या लोखंडी जोडावर, छापलेला असतो, तो हिच किती ओढू शकतो याचा.

आमचं क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या केबिनमागे घर बांधलेलं, मोटरहोम फोर्ड ई-450 चासीवरचं (खालच्या सांगाड्यावरचं) आहे. जीव्हीडब्ल्यूआर 14,500 पौंड, जीसीडब्ल्यूआर 22,000 पौंड, हिच 5,000 पौंडांचा. कागदावर 22,000 वजा 14,500 म्हणजे 7,500 पौंड शिल्लक दिसतात आणि माणूस खूश होतो. पण हिच 5,000 चा, म्हणजे मर्यादा 5,000 पौंड, साधारण 2,270 किलो. साखळीतली सगळ्यात कमजोर कडी जेवढी, तेवढीच आपली ताकद.

उलटंही घडतं. फोर्ड एफ-53 चासीवरच्या पेट्रोलच्या अनेक क्लास ए, म्हणजे बससारख्या, मोटरहोमचा जीव्हीडब्ल्यूआर 22,000 आणि जीसीडब्ल्यूआर 26,000 पौंड असतो. हिचवर 5,000 लिहिलेलं असलं, तरी मोटरहोम काठोकाठ भरलं तर मागे फक्त 4,000 पौंड उरतात. चार दारांची जीप रँग्लर त्यात बसत नाही. मागे इंजिन असलेल्या मोठ्या डिझेल मोटरहोमवाल्यांना ही चिंता कमी, त्यांचे हिच बहुधा 10,000 पौंडांचे किंवा त्याहून जास्त असतात.

म्हणून प्रवासाला निघताना जसं भरता तसं मोटरहोम भरा. पाण्याची टाकी, प्रोपेन, पेट्रोल, तांदळाची पिशवी, प्रेशर कुकर, सगळी माणसं. मग महामार्गावरच्या ट्रक स्टॉपला जाऊन कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, उभे राहा. थोड्या डॉलरांत प्रत्येक आसाचं वेगळं वजन छापून मिळतं. एक गॅलन पाणी साधारण 8.3 पौंडांचं, म्हणजे 40 गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंड तिथेच गेले. आमचं मोटरहोम भरून 13,900 पौंड निघालं. मी मनात 12,500 धरलं होतं.

जो आकडा उरेल त्यातून टो बार (मोटरहोम आणि गाडी जोडणारा दांडा), ब्रेकची पेटी आणि गाडीत ठेवायचं सामान यांसाठी दोन-अडीचशे पौंड बाजूला काढा. सायकली, घडीच्या खुर्च्या, शेगडी हे सगळं शेवटी मागच्या गाडीत जातं, हे सगळ्या घरांत होतं.

तीन पद्धती, आणि मी कुठली धरली

पहिली पद्धत म्हणजे चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढणं. याला इथे फ्लॅट टोइंग किंवा 'फोर डाउन' म्हणतात, आणि अशा गाडीला 'टोड' किंवा 'डिंगी'. मोठ्या बोटीमागे बांधलेल्या छोट्या होडीला डिंगी म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. दुसरी पद्धत टो डॉली: पुढची दोन चाकं छोट्या गाड्यावर चढवायची, मागची दोन रस्त्यावर. तिसरी, अख्खी गाडी ट्रेलरवर चढवणं.

ट्रेलरवर कुठलीही गाडी चालते आणि रिव्हर्सही घेता येतो. पण ट्रेलरचंच वजन दीड ते अडीच हजार पौंड. आमच्यासारख्या 5,000 च्या हिचला ते परवडत नाही. डॉली फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला बरी आणि स्वस्तही. घरात आधीच साधी सेडान असेल आणि वर्षातून एकदाच सहल होत असेल, तर डॉलीचा विचार जरूर करा. मात्र ऑल व्हील ड्राइव्ह गाडी डॉलीवर चढवू नका. पुढची चाकं थांबलेली आणि मागची फिरणारी, यात तिच्या आतल्या यंत्रणेची वाट लागते. शिवाय कॅम्पग्राउंडच्या अरुंद जागेत रिकामी डॉली ठेवायची कुठे, हा प्रश्न रोज संध्याकाळी उभा राहतो. पट्टे बांधणं-सोडणं पावसात, चिखलात करावं लागतं.

वारंवार फिरणाऱ्याने फोर डाउनच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. जोडायला दहा मिनिटं, सोडायला पाच. पण त्यासाठी गाडी तशीच लागते, आणि खरी मेख इथेच आहे.

सगळ्या गाड्या का चालत नाहीत

'न्यूट्रलमध्ये टाकली की झालं' असं बहुतेकांना वाटतं. आपल्याकडे बंद पडलेली गाडी दोरीने गॅरेजपर्यंत ओढून नेलेली सगळ्यांनी पाहिलेली असते. ते दोन किलोमीटरचं काम, तेही हळू. इथे ताशी 60 मैलांनी दिवसाला चारशे मैल ओढायचं असतं.

साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनच्या जोरावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं मात्र फिरतायत, त्यांच्याबरोबर गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरतोय, आणि त्याला तेल मिळत नाही. तो तापतो, घासतो आणि जळतो. बिघाड झाला हे ओढणाऱ्याला कळतही नाही, कारण मागच्या गाडीत कुणी नसतं. सीव्हीटीच्या, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या, बहुतेक गाड्यांचं हेच दुखणं. टेस्लासारख्या विजेच्या गाड्यांत चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करू लागते, म्हणून त्यांना चाकांवर ओढायला कंपनीची मनाई आहे.

मग चालतं काय? ज्यात चाकं आणि गिअरबॉक्स यांचा संबंध पूर्ण तोडता येतो ते. जीप रँग्लरच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीला, स्वतःचा वेगळा न्यूट्रल असतो. तो लावला की चाकांचं फिरणं गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नाही, म्हणून ऑटोमॅटिक रँग्लर 'पार्क'मध्ये ठेवून ओढतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण मॅन्युअलमध्ये तसंच लिहिलंय. अनेक मॅन्युअल गिअरच्या गाड्या चालतात, कारण आतली दातेरी चाकं तेलात बुडून स्वतःच तेल उडवत राहतात. पण सगळ्या नाहीत.

मॅन्युअलमधलं ते पान

गाडीच्या मालकासाठीच्या मॅन्युअलमध्ये 'रिक्रिएशनल टोइंग' या नावाखाली एक भाग असतो. बहुतेक कंपन्या मॅन्युअल इंटरनेटवरून मोफत उतरवू देतात. गाडी पाहायला जाण्याच्या आधी, नेमक्या त्या वर्षाचं आणि नेमक्या त्या मॉडेलचं मॅन्युअल उतरवून हे पान वाचा. त्यात चार गोष्टी शोधा: चारही चाकांवर ओढायला परवानगी आहे का, वेगाची मर्यादा काय, किती वेळाने थांबायचं, आणि जोडण्याआधीची कृती काय. बंद पडलेली गाडी नेण्याचा भाग वेगळा असतो, त्याच्याशी गल्लत करू नका.

एका शोरूममध्ये विक्रेत्याने मला एक सुंदर एसयूव्ही दाखवली. "हो हो, ओढता येते, कितीतरी लोक नेतात," म्हणाला. मी फोनवर मॅन्युअल उघडलं. चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढू नये, असं ठळक अक्षरांत होतं. तो माणूस खोटं बोलत नव्हता. ट्रेलर ओढता येतो आणि गाडी स्वतः ओढली जाऊ शकते, यातला फरकच त्याला माहीत नव्हता. तेव्हापासून मी विक्रेत्याला हा प्रश्न विचारतच नाही.

वर्ष किती महत्त्वाचं, याचं उत्तम उदाहरण होंडा सीआर-व्ही. 2014 पर्यंतची सीआर-व्ही आरव्हीवाल्यांची लाडकी होती. 2015 मध्ये होंडाने सीव्हीटी आणली आणि परवानगी गेली. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्या. जुनी घेतली असेल तर कृती अशी: इंजिन चालू करून ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवायचे, 'डी'मध्ये 5 सेकंद थांबायचं, मग न्यूट्रल, मग इंजिन 3 मिनिटं चालू ठेवायचं, मग बंद करून चावी ॲक्सेसरीवर ठेवायची. वेग ताशी 65 मैलांच्या आत, आणि दिवसभर ओढत असाल तर दर 8 तासांनी हीच कृती पुन्हा. ही 3 मिनिटं वाचवायला जाऊ नका. गिअरबॉक्समध्ये तेल पसरायला तेवढा वेळ लागतो.

एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्येही फरक असतो. लो रेंजची ट्रान्सफर केस असलेली जीप ग्रँड चेरोकी ओढता येते, नुसती मागच्या चाकांवर चालणारी नाही. फोर्ड एफ-150 ची 4x4 गाडी न्यूट्रल टोची सोय असेल तरच. वापरलेली गाडी घेताना जाहिरातीतल्या '4x4' या तीन अक्षरांवर भरवसा ठेवू नका. खाली वाकून, आत बसून, त्या गाडीत न्यूट्रलचं बटण किंवा दांडा खरोखर आहे का ते पाहा.

मग कुठली?

रँग्लर सगळ्यांत सोपी. दोन दारांची साधारण 4,000 पौंड, चार दारांची 4,200 ते 4,500. मजबूत, जोडायला सरळ, जुनी झाली तरी किंमत टिकते. पण माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला रँग्लरमध्ये चढवायचं म्हणजे स्टूल ठेवावं लागतं. आणि महामार्गावर वाऱ्याचा आवाज एवढा, की मागे बसलेल्यांशी बोलता येत नाही. सासू-सासरे, आई-बाबा उन्हाळ्यात येणार असतील तर हा विचार आधी करा. ही गाडी वर्षाचे दहा-अकरा महिने घरी वापरायची असते, किराणा आणायला, मुलांना शाळेत सोडायला. टोड म्हणून ती वर्षातले थोडे दिवसच राबते.

ग्रँड चेरोकी आरामशीर, पण 4,700 पौंडांच्या वर जाते, 5,000 च्या हिचला ते टेकल्यासारखं होतं. हलकी हवी असेल आणि जुनी चालणार असेल तर 2013 पर्यंतची होंडा फिट पाहा, साधारण 2,500 पौंड. लहान मोटरहोमवाल्यांनी हिचा जरूर विचार करावा. फोर्डच्या काही हायब्रिड गाड्या, उदाहरणार्थ फ्यूजन हायब्रिड, चारही चाकांवर ओढता येतात. हायब्रिड आहे म्हणजे चालणारच नाही असं सरसकट धरू नका, पण टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांना मनाई आहे.

आम्ही शेवटी 2014 ची सीआर-व्ही घेतली. साधारण 3,500 पौंड, पायरी खाली, मागे तिघं नीट बसतात, आणि आई हाताला न धरता चढते-उतरते.

वापरलेली गाडी आधी टोड होती का, हे नक्की पाहा. बंपरखाली बेस प्लेटचे (टो बार अडकवायला गाडीच्या पुढे बसवलेल्या पट्टीचे) कान किंवा त्याची भोकं, मागच्या दिव्यांजवळ जास्तीच्या वायरी, पुढच्या टायरची विचित्र झीज. बेस प्लेट आधीच बसवलेली असेल आणि गिअरबॉक्सचं तेल स्वच्छ असेल तर तो फायदाच. तेल काळं आणि जळकट वासाचं असेल तर गाडी सोडून द्या.

नव्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. पुढच्या जाळीमागे रडार असतो, आपोआप उघडमीट करणाऱ्या झडपा असतात. बेस प्लेट बसवताना कधी कधी त्या हलवाव्या किंवा कापाव्या लागतात. गाडीचा सौदा पक्का करण्याआधी ब्लू ऑक्स, रोडमास्टर किंवा डेमको या कंपन्यांकडे त्या मॉडेलसाठी बेस प्लेट मिळते का आणि बंपर किती कापावा लागतो हे बघून घ्या. त्यांची बसवण्याची पत्रकं खुली असतात. प्लेटच मिळत नसेल तर गाडी कितीही चांगली असली तरी आपल्या कामाची नाही.

जोडणीचं साहित्य

टो बार, बेस प्लेट, ब्रेक, दिव्यांच्या वायरी आणि मजुरी मिळून 3,000 ते 5,000 डॉलर धरून चाला. हा खर्च गाडीच्या किमतीत पहिल्यापासून मोजा, नाहीतर बजेट संपलं की माणूस ब्रेकवर पैसे वाचवतो.

टो बार मोटरहोमच्या बाजूला कायम राहणारा, बाजूला दुमडणारा घ्या. बार जमिनीला समांतर हवा. मोटरहोमच्या हिचच्या भोकाचा मध्य आणि बेस प्लेटच्या कानांचा मध्य, दोन्हींची जमिनीपासून उंची मोजा. फरक 3 इंचांच्या आत असावा. जास्त असेल तर खाली उतरणारा किंवा वर चढणारा हिच अडॅप्टर लावा. बार तिरपा राहिला तर जोरात ब्रेक लागल्यावर मागची गाडी मोटरहोमच्या बंपरखाली घुसू पाहते. सुरक्षेच्या केबल बारखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या.

आता ब्रेक. यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आय-70 महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा लागतो, 11,000 फुटांवर. बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या सिल्व्हरथॉर्नपर्यंत 7 टक्क्यांचा उतार. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीच्या चढत्या पट्ट्या तिथे बांधलेल्या आहेत. मागे साडेतीन हजार पौंडांची गाडी स्वतःचा ब्रेक न लावता ढकलत असेल तर मोटरहोमचे ब्रेक तापतात आणि पायाखालची पकड सुटत जाते. बहुतेक राज्यांत 3,000 पौंडांवरच्या ओझ्याला स्वतंत्र ब्रेक लागतो, काही राज्यांत त्याहून कमी वजनालाही. कायदा काहीही असो, ब्रेक लावाच.

पेटीसारखा, सीटपुढे ठेवायचा ब्रेक स्वस्त आणि दुसऱ्या गाडीतही चालतो, पण दर वेळी बसवावा लागतो. कायमचा बसवलेला महाग, मात्र विसरायची सोय राहत नाही. रोज जागा बदलणाऱ्यांनी कायमचाच घ्यावा. हायब्रिड गाडीत ब्रेकची यंत्रणा वेगळी असते, तिला चालेल असाच मॉडेल मागा. दोन्ही प्रकारांत ब्रेकअवे स्विच हवाच: टो बार तुटून गाडी सुटलीच, तर तिचा स्वतःचा ब्रेक आपोआप लागतो.

दिव्यांसाठी डायोड लावून वायरिंग करून घ्या, म्हणजे मोटरहोमचा करंट गाडीच्या बाकी यंत्रणेत उलटा शिरत नाही. चावी ॲक्सेसरीवर दिवसभर राहिली की बॅटरी उतरते, म्हणून मोटरहोमकडून एक चार्जिंगची वायरही त्याच वेळी ओढून घ्या. जीप चेरोकीसारख्या काही गाड्यांना ओढताना इलेक्ट्रिक स्टिअरिंग जागं ठेवणारं कंपनीचं वेगळं वायरिंग लागतं. ते नसेल तर पुढची चाकं थरथरू लागतात.

पहिल्यांदा जोडताना

रिकाम्या, सपाट मैदानात जा. घाई नको. मोटरहोम आणि गाडी एका रेषेत उभी करा. बार जोडा, पिना घाला, पिनांच्या क्लिपा लावा, केबल, वायर, ब्रेकअवेची दोरी. मग मॅन्युअलमधली गिअरची कृती. मग हँडब्रेक सोडलाय का ते पाहा. हँडब्रेक लावून शंभर मैल ओढलेल्या गाडीचे टायर मी पाहिलेत, कापडापर्यंत झिजलेले. ही सगळी यादी कागदावर लिहून स्टिअरिंगला अडकवा. आमच्याकडे दिवे तपासताना मी पुढे बसतो आणि बायको मागे उभी राहते. "अहो, डावा नाही लागला, पुन्हा द्या," असं ओरडून सांगते. डावा, उजवा, ब्रेक, रात्रीचे दिवे, सगळं झाल्याशिवाय ती आत चढत नाही.

मागच्या गाडीत कुणालाही बसू द्यायचं नाही, कुत्र्यालाही नाही.

आणि रिव्हर्स नाही. फोर डाउन गाडी मागे ढकलली की पुढची चाकं उलटीकडे वळतात आणि टो बार किंवा बेस प्लेट वाकते. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे. शक्यतो ट्रकच्या रांगेतच भरा. अडकलातच तर गाडी सोडा, मोटरहोम मागे घ्या, पुन्हा जोडा. मोटरहोम आणि गाडी मिळून लांबी किती होते तेही मोजून ठेवा. कॅलिफोर्नियात मर्यादा 65 फूट आहे, काही राज्यांत वेगळी.

पाच मैलांवर थांबा. पिना पाहा, चारही चाकांच्या मध्यावर हात जवळ नेऊन किती गरम आहे ते पाहा. एखादं बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय. पन्नास मैलांवर पुन्हा थांबा. मोटरहोमचा मागचा कॅमेरा सतत चालू ठेवा, कारण मागच्या गाडीचा टायर फुटला तर सीटवर बसून काहीच जाणवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा ग्लेशियरला गेलो. मोटरहोम कॅम्पग्राउंडवर ठेवलं, पाच मिनिटांत सीआर-व्ही सोडली, आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि सकाळी साडेसहाला गोइंग-टू-द-सन रस्त्यावरच्या लोगन पास या खिंडीकडे निघालो.